उद्यासाठी काहीतरी घालून ठेवा : घरात अडकलेल्या उन्हाळ्याची कृती

२०२० चा गुढीपाडवा आणि टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता, २५ मार्च. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तेव्हा तिघी होतो : सासूबाई, मी आणि दहावीतली लेक. तिचा भूगोलाचा शेवटचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. नवरा कामाला म्हणून नागपूरला गेला होता, तो तिथेच अडकला.

पहिले पंधरा दिवस आम्ही सगळ्यांनी केलं तेच केलं. डालगोना कॉफी फेटली, कुकरमध्ये केक केला, सकाळी नऊला आणि रात्री नऊला दूरदर्शनवर रामायण पाहिलं. वाईट काहीच नव्हतं, पण सगळं त्याच दिवशी संपायचं. रात्री अंथरुणावर पडलं की उद्याचा दिवस अगदी रिकामा दिसायचा. सासूबाईंनी ते माझ्या आधी ओळखलं. एक दिवस जेवण झाल्यावर त्यांनी साबुदाणा भिजत घातला आणि लेकीला म्हणाल्या, “उद्या लवकर ऊठ गं, काम आहे.” लेक उठली. महिनाभरात पहिल्यांदा ती अकराच्या आधी उठली.

त्या दिवसापासून आमचा नियम ठरला : रोज काहीतरी असं करायचं, जे आज संपत नाही. भिजत घालायचं, मुरत घालायचं, पिकत घालायचं, नाहीतर वाट बघायला एखादी तारीख शोधून ठेवायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा हे सगळं लिहिलेली वही उघडली. पुढे घरात कुणाचं ऑपरेशन असो, कुणाला कांजिण्या होवोत, उन्हाळा घरातच काढायची वेळ कुणावरही येते. त्यांच्यासाठी ही वही इथे उतरवते आहे.

आधी ऊन मोजा

कुठलीही तयारी करण्याआधी एक दिवस नुसतं बघण्यात घालवा. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच, या वेळांना घरात ऊन कुठवर येतं तिथे खडूने रेघ मारा. वारा कुठल्या खिडकीतून येतो तेही लिहा. वाळवण कुठे घालायचं, माठ कुठे ठेवायचा, दुपारी कुठल्या खोलीत बसायचं, हे सगळं या रेघांवरून ठरतं.

आमची बाल्कनी दक्षिणेला आहे आणि वर स्लॅब आहे. डिसेंबरात सोफ्यापर्यंत येणारं दुपारचं ऊन पाडव्याला कठड्यालगतच्या दोन-अडीच फुटांच्या पट्टीत उरलं होतं. एप्रिल संपेपर्यंत ती पट्टी वीतभर झाली. मे महिन्याच्या मध्यानंतर ऊन आत येईनासंच झालं, आणि तेही ऐन उन्हाळ्यात! याचं कारण पुढे सावलीच्या भागात येईल. तूर्त एवढंच की छपराची दक्षिण बाल्कनी असेल तर वाळवण एप्रिलमध्ये उरका. पूर्व-पश्चिम खिडक्या असणाऱ्यांना मे महिनाही पुरतो.

माठ

नवा माठ घेताना बोटाच्या मागच्या बाजूने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. घरी आणल्यावर

१. माठ पूर्ण बुडेल अशा बादलीत किंवा टबात एक दिवस बुडवून ठेवा.
२. मग पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी झाडांना घाला. असं तीन दिवस करा, म्हणजे मातीचा उग्र वास जातो.
३. आतून साबण कधीही लावू नका. माती साबण पिते आणि महिनाभर परत देत राहते. नारळाच्या काथ्याने नुसतं घासायचं.
४. जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. तिवईवर ठेवून खाली ताटली ठेवा आणि बाहेरून ओलं सुती फडकं गुंडाळा.

माठ गार करतो तो झिरपून. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती वाफ माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून हवा जितकी कोरडी, तितका माठ खूश. नागपूरला, सोलापूरला तो दात कळकळतील इतकं गार पाणी देतो. मुंबईत आणि कोकणात दमट हवेत बिचारा हिरमुसतो. तिथे त्याला पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, थोडा फरक पडतो.

त्या वर्षी दुकानं बंद होती, त्यामुळे नवा माठ कुठून आणणार? सासूबाईंनी माळ्यावरचा जुना काढला. जुन्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षाराने बुजतात, म्हणून तो कमी गार करतो. आम्ही त्याला जाड मिठाने आणि काथ्याने आतबाहेर घासलं, दोन दिवस उन्हात वाळवलं आणि मग वरची सगळी कृती पुन्हा केली. नव्यासारखा नाही झाला, पण पाचव्या दिवशी पहिला पेला प्यायलो तेव्हा तिघीही काही बोललो नाही.

वाळा मिळाला तर त्याची बोटभर जुडी धुऊन मलमलच्या फडक्यात बांधा आणि माठात सोडा. दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवा आणि परत सोडा. वास उतरला की जुडी बदला. वाळा नसेल तर रात्री मोगऱ्याची चार फुलं पाण्यावर टाकायची आणि सकाळी काढायची. फवारणी केलेली विकतची फुलं मात्र नकोत, कुंडीतलीच हवीत.

कैरी : रात्री उकडा, दुसऱ्या दिवशी प्या

पन्ह्याचा गर करून ठेवला की पंधरा दिवस रोज दुपारी चारला घरात एक प्रसंग होतो. आमचं प्रमाण असं : चार मध्यम कैऱ्या न सोलता कुकरमध्ये तीन शिट्ट्या. निवल्यावर साल काढून गर काढा, कोयीलाही चिकटलेला सोडू नका. गर वाटीने मोजा आणि एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ घ्या. कैरी किती आंबट आहे त्यावर ठरवा. गर कोमट असतानाच गूळ मिसळा, म्हणजे विरघळतो. पाव चमचा मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड, असलं तर केशर. मिक्सरमधून एकदा फिरवून काचेच्या बरणीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पिताना एक भाग गर, तीन भाग माठाचं पाणी. बरणीत ओला चमचा घातला की बुरशी आलीच म्हणून समजा.

हे पन्हं त्याच रात्री पिऊ नका. रात्रभर मुरलं की वेलची गरात उतरते.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्या वर्षी घरोघरी बंदच होतं. सासूबाईंनी तरी गौर मांडली, आंबेडाळ केली आणि मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावला. पाच जणी आपापल्या घरी आपापलं पन्हं घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, आवाज येत नाहीये. तासभर कुणाचाच आवाज कुणाला नीट आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा फोन करून “काय छान झालं काल” असं म्हटलं.

चिकवड्या, कारण कुरडया जमल्या नाहीत

वाळवणात नवख्या माणसाने साबुदाण्याच्या चिकवड्यांपासून सुरुवात करावी. आम्ही उत्साहाच्या भरात कुरडयांचा घाट घातला होता. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक बसवायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. सोऱ्या दाबायला घरात दणकट हात नव्हता. चीक मात्र तूप-मीठ घालून वाट्या भरभरून खाल्ला आणि खरं सांगायचं तर कुरडयांपेक्षा तोच महत्त्वाचा असतो.

चिकवड्यांची कृती :

१. रात्री एक वाटी साबुदाणा धुऊन, एक वाटी पाण्यात भिजत घाला.
२. सकाळी सहाच्या सुमारास पाच वाट्या पाणी उकळा. त्यात साबुदाणा घालून मंद आचेवर हलवत राहा. दाणे पारदर्शक झाले आणि मिश्रण पळीवाढं झालं की उतरवा. मीठ बेतानेच, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. शेवटी जिरं. तिखट हवं असेल तर वाटलेली हिरवी मिरची.
३. जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, कडांना वजन ठेवा. डावाने थोडं थोडं घाला, पसरवू नका, आपोआप पसरतं. दोन चिकवड्यांमध्ये बोटभर जागा सोडा.
४. संध्याकाळी वरून कोरड्या वाटतील पण खालून चिकट असतील. ओढू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी कडा आपोआप सुटायला लागतात, तेव्हा उलटा.
५. मोडल्यावर कट्ट आवाज आला की झाल्या. ऊन कमी असेल तर तिसरा दिवस लागतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

कबुतरांवर पहारा हवा. तो लेकीकडे होता. हातात फूटपट्टी घेऊन ती कठड्यापाशी बसायची, आणि तिथे बसल्या बसल्याच तिला पक्षी दिसायला लागले. टुक्‌ टुक्‌ टुक्‌ असा एकसुरी आवाज दुपारभर कुठून येतो, तर तो तांबटाचा. पहाटेची सुंदर शीळ दयाळाची. कुहू करणारा कोकीळ नर असतो आणि ठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्याभोवती घुटमळते, कारण अंडी तिथे घालायची असतात. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, त्यामुळे हे सगळं ऐकू येत होतं. पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं तर पसरट मातीचं भांडं घ्या, दोन बोटं खोल, सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

दुपार

बारा ते चार पडदे ओढून फरशीवर पत्ते. तीनच माणसं असतील तर पाच-तीन-दोनसारखा डाव नाही. कॅटमधून चारही रंगांची अठ्ठी ते एक्का ही २८ पानं घ्या, त्यात इस्पिक आणि बदामची सत्ती घाला, म्हणजे झाली ३०. आधी पाच-पाच पानं वाटायची. ज्याच्यावर पाच हात करायचे आहेत तो तेवढी पाच पानं बघून हुकूम बोलतो, मग उरलेली पाच-पाच. दुसऱ्याला तीन हात करायचे, वाटणाऱ्याला दोन. पुढच्या डावाला जबाबदारी फिरते. ज्याचे हात जास्त झाले तो कमी पडलेल्याची तितकी पानं पुढच्या डावात ओढतो. बदल्यात कुठलं पान द्यायचं याचे नियम घरोघर वेगळे आहेत आणि त्यावरून भांडण होतं. भांडू द्यावं. सासूबाई बेमालूम चोरतात हे लग्नानंतर अठरा वर्षांनी मला या उन्हाळ्यात कळलं.

हिशेब वहीत लिहून डाव दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. उधार राहिलेले दोन हात माणसाला उद्या परत खेळायला बसवतात.

आंब्याची अढी

त्या वर्षी बाजार विस्कळीत झाले तेव्हा बऱ्याच कोकणी बागायतदारांनी हापूसच्या पेट्या थेट सोसायट्यांच्या दारात पोचवल्या. आमची पेटी सासूबाईंनी आधी चोवीस तास दाराबाहेर सोवळ्यात बसवली. तो काळच तसा होता, आम्ही दुधाच्या पिशव्याही धुवायचो.

कच्चे हिरवे आंबे मागवा, पिकलेले नाही. पैसे तेवढेच, पण आठ-दहा दिवसांचा वास फुकट मिळतो. भाताचा पेंढा असेल तर उत्तम, नाहीतर पुठ्ठ्याचं खोकं आणि वर्तमानपत्रं. तळाला कागदाचे बोळे, त्यावर आंबे एका थरात, देठ खाली, एकमेकांना न टेकता. वर पुन्हा कागद आणि मग दुसरा थर. दोनच्या वर थर नकोत. खोकं पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी, अंधारात ठेवा. फ्रीजमध्ये कच्चा आंबा घालू नका, तो सुरकुततो पण पिकत नाही.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी खोकं उघडायचं. हे काम घरातल्या एकाच माणसाला द्या, नाहीतर प्रत्येक जण दाबून बघतो आणि आंब्याला डाग पडतात. दाबायचं नाहीच, देठापाशी हुंगायचं. काळा ठिपका दिसला की तो आंबा आधी बाहेर. पिकलेला आंबा खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. रस हाताने पिळा, मिक्सरला मुळीच लावू नका, आणि वर तूप आणि मिरपूड. बाठा कुणाला, हे आदल्या रात्री पत्त्यांवर ठरवा.

सावली नाहीशी होते तो दिवस

सगळ्या वहीत माझं लाडकं पान हे आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. मार्चपासून सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो. तो आपल्या गावाच्या अक्षांशावर पोचला की शून्य सावली. त्यानंतर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणूनच आमच्या दक्षिण बाल्कनीतून ऊन निघून गेलं होतं. दुसरी खेप सूर्य परतताना, पण तेव्हा पावसाळी ढग असतात. त्यामुळे मे महिन्यातलीच तारीख धरा.

पणजीला ही वेळ येते २-३ मेच्या सुमारास, कोल्हापूरला ६-७, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नाशिकला २० आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. एका दिवसाने इकडेतिकडे झालं तरी सावली इतकी बारीक असते की मजा तीच. वेळ घड्याळातल्या बारा वाजताची नसते. पुण्यात साधारण १२ वाजून ३१ मिनिटं, मुंबईत १२:३५, नागपुरात १२:१०. पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी डोक्यावर येतो.

कृती : ताटात पाणी घालून जागा सपाट आहे का ते बघा. मोठा कागद चिकटवा, त्यावर स्टीलचा सरळ पेला पालथा ठेवा. निमुळता पेला नको. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलने ठिपका द्या. टोपी घाला, पायात चप्पल ठेवा, गच्ची तापलेली असते. सूर्याकडे मान वर करून बघायचं नाही, सगळं खाली कागदावरच घडतं.

गच्चीची किल्ली आठवडाभर आधी मागून ठेवली होती. १३ मे २०२० ला मास्क लावून आम्ही तिघी गेलो. बारा एकतीसला पेल्याभोवती काहीच उरलं नाही. सासूबाईंनी आपल्या पायाशी बघितलं आणि म्हणाल्या, “पंच्याहत्तर वर्षं उन्हात काढली, कुणी सांगितलं नाही मला हे.”

लेकीने बापाला फोन केला. “बाबा, सूर्य आत्ता इथे आहे. तुमच्याकडे यायला तेरा दिवस लागतील.” जिल्हा ओलांडायला तेव्हा ई-पास लागत होता आणि तो मिळत नव्हता. सूर्य मात्र रोज थोडा थोडा उत्तरेला, नागपूरच्या अक्षांशाकडे निघाला होता आणि आमच्या घरात त्याचा प्रवास कॅलेंडरवर लिहिला जात होता. आज नाशिक. आज धुळ्याच्या आसपास. २६ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागलेला, नागपूरचा पारा ४५ च्या वर. नवरा तिथल्या गच्चीवर पेला घेऊन उभा आणि फोनवर फक्त पेला दिसतोय. बारा दहाला म्हणाला, “गेली.” मग बराच वेळ फोन तसाच चालू राहिला.

रात्र

गच्ची मिळाली तर नऊला, नाहीतर उत्तरेची खिडकी. मे महिन्यात सप्तर्षी उत्तरेला उंचावर असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती आणि अजून पुढे दक्षिणेकडे पांढरी चित्रा. दहा-अकरानंतर आग्नेयेला वृश्चिक वर येतो, त्याच्या मधली तांबूस ज्येष्ठा. ध्रुव शोधायला हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी, म्हणजे साडेअठरा अंशांवर. तोच पुण्याचा अक्षांश आहे आणि १३ मेला सूर्यही तेवढाच उत्तरेला होता. लेकीने हे जोडलं तेव्हा भूगोलाचा पेपर रद्द झाल्याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

आवराआवर

३ जूनला निसर्ग वादळ आलं. पुण्यात इतका वारा-पाऊस झाला की खिडकीतला माठ आधी आत ओढावा लागला. पहिल्या पावसाच्या आधी माठ रिकामा करून, चार दिवस कडकडीत वाळवून पालथा ठेवा, नाहीतर त्याला वास धरतो. चिकवड्यांना एक शेवटचं ऊन दाखवून डबा घट्ट बंद करा. झाकणावर तारीख चिकटवा.

आमच्या डब्यावर आषाढी एकादशी लिहिलं होतं, १ जुलै. त्या वर्षी पालख्यासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या. नवरा जूनमध्ये परतला होता, चौदा दिवसांचं विलगीकरण संपवून आतल्या खोलीतून बाहेर आला होता. चिकवडी तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. आधी एक तुकडा टाकून बघा, तो लगेच वर येऊन फुलला पाहिजे. तेल कोमट असेल तर चिकवडी दातात चिकटते. पहिल्या घाण्याच्या तशाच झाल्या, आणि त्या त्यानेच संपवल्या.